नवं पिल्लू आणलं आणि अकरा वर्षांचा खंड्या आमच्यापासून लांब गेला

पारिजात | मंगळवार, रात्री ११:१०

झोप येत नाहीये म्हणून इतक्या रात्री लिहितेय.

आमचा कुत्रा खंड्या अकरा वर्षांचा आहे. तीन महिन्यांचा असताना आला आणि तेव्हापासून घरात तो एकटाच. गेल्या शनिवारी आम्ही चिंगीला आणलं, ती नऊ आठवड्यांची आहे. खंड्याला सोबत होईल, म्हातारपणी जरा तरतरीत राहील, असं मनात होतं. तो इतका समजूतदार आहे की भांडणाची शंकाही आली नाही. मी चिंगीला कडेवर घेऊन आत आले आणि हॉलच्या मधोमध, सरळ त्याच्या पुढ्यात सोडलं. त्याने एकदा हुंगलं, मान फिरवली आणि आत निघून गेला. आम्हाला वाटलं, चला, पत्करलं त्याने.

पुढचे तीन दिवस ती सतत त्याच्या मागे. शेपूट ओढायची, कानाला लोंबकळायचं, तो उठून दुसरीकडे गेला की तिकडेही हजर. तो बिचारा नुसता जागा बदलत राहिला. आज दुपारी तो बाल्कनीच्या दाराशी त्याच्या गादीवर गाढ झोपला होता. चिंगी धावत आली आणि मागून त्याच्या कंबरेवर चढली. तो वसकन तिच्या अंगावर गेला. त्याचा असा आवाज मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता. चिंगी केकाटत सोफ्याखाली घुसली. मी घाबरले, खंड्यावर ओरडले, गळपट्टा धरून त्याला पॅसेजमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी उघडलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

त्यानंतर तो माझ्याजवळ आलेला नाही. रोज माझ्या पलंगाशेजारी झोपतो, आज चपलांच्या रॅकपाशी झोपलाय. हाक मारली की नुसते डोळे वर करतो. ताटली अर्धी तशीच आहे.

चिंगीला परत द्यावं का? की हे असंच असतं आणि निवळतं? ज्यांनी दोन कुत्री सांभाळलीत त्यांनी कृपया सांगा.


रानवाट | मंगळवार, रात्री ११:३५

आधी एक बघा. चिंगीला रक्त आलंय का? दाताची खूण, भोक, सूज? केस बाजूला करून कान, मान आणि डोळ्यांभोवती नीट तपासा. पिल्लाच्या केसांत छोटी जखम दिसत नाही.


पारिजात | मंगळवार, रात्री ११:४८

टॉर्च घेऊन सगळं बघितलं. कुठेही काही नाही. दुपारी कान आणि मान लाळेने ओली झाली होती, तेवढंच.


रानवाट | बुधवार, रात्री १२:२०

म्हणजे खंड्या चावलेला नाही. मोठ्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. त्याला खरंच चावायचं असतं तर एवढ्याशा पिल्लाचं काय झालं असतं याचा विचार करा. झोपेतून दचकून उठला, कंबरेवर कोणीतरी चढलेलं, आणि तरीही त्याने तोंड तिच्या मानेपर्यंत नेऊन मिटलं नाही. हा त्याचा संयम आहे. तुम्ही त्याला समजूतदार म्हणालात ते अगदी बरोबर आहे.

आता जरा कडू बोलतो, राग मानू नका. खंड्या दुपारी पहिल्यांदा बोललेला नाही. तो शनिवारपासून बोलतोय. मान फिरवून निघून गेला ते त्याचं पहिलं 'नको'. तीन दिवस जागा बदलत राहिला ते दुसरं, तिसरं, दहावं. मधल्या काळात त्याने ओठावरून जीभ फिरवली असेल, झोप आलेली नसताना जांभया दिल्या असतील, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसेल असं तिरपं बघितलं असेल, क्षणभर पुतळ्यासारखा ताठ झाला असेल. हे सगळं गुरगुरण्याच्या आधीचं बोलणं आहे. ते ऐकलं गेलं नाही म्हणून आवाज चढला. आणि आवाज चढवल्यावर त्याला शिक्षा झाली.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीच रागावू नये. रागावलं की तो गुरगुरणं सोडतो, पण नकोसं वाटणं त्याच्या हातात नसतं. मग पुढच्या वेळी इशारा न देता सरळ दात लागतात, आणि लोक म्हणतात, 'काही कारण नसताना चावला.'

आज रात्री त्याला मनवायला, मिठी मारायला जाऊ नका. त्याच्यापासून हातभर अंतरावर, अर्धी पाठ त्याच्याकडे करून जमिनीवर बसा. काही बोलू नका. आला तर हात पुढे करा, नाही आला तर उठून झोपा. आणि उद्या सकाळपासून दोघं एका खोलीत तेव्हाच, जेव्हा तुमच्यापैकी एकाचं पूर्ण लक्ष त्यांच्याकडे आहे. बाकी सगळा वेळ मध्ये गेट. लहान मुलांसाठी दाराला लावतात ते बेबी गेट चालतं, फक्त गजांमधून पिल्लाचं डोकं जाणार नाही हे बघा.

परत द्यायचं की नाही हे आज ठरवू नका.


जुनाजाणता | बुधवार, सकाळी ७:०५

आमच्या घरी लहानपणापासून कुत्री आहेत, दोन-तीन तरी कायम. माझं मत वेगळं आहे. त्यांचं त्यांना ठरवू द्यावं. कळपात एक म्होरक्या असतो. थोरल्याने एकदा धाकट्याला आडवं पाडलं की जागा ठरते आणि मग शांतता. माणसाने मध्ये पडलं की उलट घोळ वाढतो. थोरल्याचा मान ठेवा, आधी त्याला जेवण, आधी त्याला लाड, बस.


ओंजळ | बुधवार, सकाळी ९:३०

@जुनाजाणता, थोरल्याचा मान ठेवा हे मनापासून पटलं. म्होरक्याबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण या समजुतीपायी मी स्वतः एका कुत्र्यावर अन्याय केला आहे.

ही कल्पना मुख्यतः १९४७ सालच्या रुडॉल्फ शेंकेल यांच्या अभ्यासातून आली. त्यांनी पाहिलेले लांडगे प्राणिसंग्रहालयातले होते, कुंपणात एकत्र ठेवलेले. जायला दुसरी जागा नाही, मग ते भांडत आणि वर-खाली ठरवत. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे ती सगळीकडे पोचली. याच मेक यांनी १९८६ पासून कॅनडातल्या एल्समीर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधारणपणे एक कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे म्होरकेपणासाठी लढाई होत नाही. आईबाप पुढे असतात, कारण ते आईबाप असतात. आणि खंड्या-चिंगी तर लांडगेही नाहीत आणि नातेवाईकही नाहीत. त्यांची ओळख चार दिवसांची आहे, तीही माणसांनी घडवलेली.

थोरल्याला आधी जेवण जरूर द्या, पण ते त्याची अकरा वर्षांची घडी मोडू नये म्हणून.


जुनाजाणता | बुधवार, सकाळी १०:१५

१९९९ चं मला माहीत नव्हतं. वाचून विचारात पडलो. आमच्या घराला मोठं अंगण होतं, मागे गोठा होता. थोरल्या कुत्र्याला कंटाळा आला की तो उठून तासन्‌तास गायब व्हायचा. आम्हाला वाटायचं, त्यांनी आपसात ठरवलं. तुमचं लिहिलेलं वाचल्यावर वाटतंय की त्याला निघून जायला जागा होती, म्हणून ते जमलं. बंद घरात खंड्या कुठे जाणार? माझा सल्ला मागे घेतो.


मुकेजीव | बुधवार, दुपारी २:००

मी पशुवैद्य आहे. तुमच्या लिखाणातला एक शब्द मला खटकला: कंबर.

अकरा वर्षांच्या कुत्र्याला सांधेदुखी असण्याची शक्यता चांगलीच असते आणि बऱ्याच घरांत ती कळतच नाही, कारण कुत्री दुखण्याने क्वचितच ओरडतात. ती हळूहळू कमी करतात. कमी उड्या, कमी जिने, जास्त झोप. घरचे म्हणतात, वय झालं. खालच्या गोष्टी आठवून बघा. उठताना आधी पुढचे पाय आणि मग जोर लावून मागचे, असं होतं का? गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरतात का? बसल्या बसल्या एकाच सांध्याला चाटत राहतो का? मागच्या मांड्या पूर्वीपेक्षा बारीक झाल्यात का? पायरीपाशी थांबून विचार करतो का?

दुसरं, त्याला ऐकू येतंय का ते बघा. तो झोपलेला असताना, त्याला दिसणार नाही अशा जागी, वारा किंवा हादरा लागणार नाही इतक्या लांबून टाळी वाजवा. कान हलला नाही तर पिल्लाची चाहूलही त्याला लागली नसणार. ऐकू न येणाऱ्या, कंबर दुखणाऱ्या कुत्र्यावर झोपेत कोणी चढलं तर तो काय करेल?

त्याला डॉक्टरांकडे नेऊन पाठीचा कणा, खुबे आणि गुडघे तपासून घ्या. तोवर माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

चिंगीबद्दल: जंत बऱ्याचदा आईच्या पोटात असतानाच किंवा दुधातून पिल्लात येतात, त्यामुळे जंताचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने चुकवू नका. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत द्याव्या लागतात. तोवर अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर तिला सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. खंड्याची वार्षिक लस झाली आहे ना, तेही तपासा.


पारिजात | बुधवार, दुपारी ३:४०

@मुकेजीव, तुमचं वाचून मी मोबाईलमधले जुने व्हिडिओ काढून बसले. दोन वर्षांपूर्वी तो सोफ्यावर एका झेपेत चढायचा. मागच्या वर्षी पुढचे पाय टेकवून थांबायचा आणि मग चढायचा. आता चढतच नाही. आम्हाला वाटलं, शहाणा झाला. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मला दिसलं नाही.

टाळी वाजवली. कान हलला नाही. तीनदा वाजवली.

उद्याची वेळ घेतली आहे.


भिंगरी | बुधवार, सायंकाळी ६:१०

अगं, स्वतःला इतकं दोषी समजू नकोस. वाचताना डोळे भरून आले. आमच्याकडे नऊ वर्षांच्या कुत्रीने पिल्लाकडे जवळजवळ तीन आठवडे बघितलंसुद्धा नाही. मग एके दिवशी पिल्लू तिच्या पाठीला पाठ लावून झोपलेलं दिसलं. आमच्यासाठी तेवढंच पुरेसं होतं. त्या दोघी फार खेळल्या अशा कधीच नाहीत.


कातरवेळ | बुधवार, रात्री ९:५०

लिहू की नको असा विचार करत होते. इथे सगळे धीर देत आहेत आणि तो द्यायलाच हवा, पण माझ्याकडे जमलं नाही, तेही कोणीतरी सांगायला हवं.

आमची दहा वर्षांची कुत्री आणि चार महिन्यांचं पिल्लू, दोघी माद्या. सुरुवात तुमच्यासारखीच झाली. मी दोघींची ताटली एकाच ओट्याजवळ, शेजारी शेजारी ठेवायचे, म्हणजे सवय होईल असं मला वाटायचं. थोरली जेवता जेवता थांबायची, ताटलीवर मान तशीच ठेवून डोळे पिल्लाकडे वळवायची. मला ते दिसत होतं, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता. पाचव्या आठवड्यात पिल्लाने तिच्या ताटलीत तोंड घातलं. पिल्लाला नऊ टाके पडले. मी मधे हात घातला म्हणून मला चार. पुढे दोन महिने सगळं वेगळं ठेवलं, प्रशिक्षकाची मदत घेतली, तरी थोरली दाराआडून पिल्लाचा आवाज आला तरी थरथरायची. जेवण सोडलं. शेवटी पिल्लू माझ्या मावसबहिणीकडे दिलं. तिथे ते आनंदात आहे. थोरली त्यानंतर दीड वर्ष जगली, शांतपणे.

पिल्लू दिल्याबद्दल लोक खूप बोलले. मला आजही वाटतं की तो निर्णय बरोबर होता, आणि ताटल्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या खोलीत ठेवल्या असत्या तर कदाचित ती वेळ आली नसती. दोन्ही खरं आहे.


रानवाट | गुरुवार, सकाळी ८:००

@कातरवेळ, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आणि हात घालण्याबद्दल सगळ्यांसाठी: भांडण लागलं तर गळपट्टा पकडायला जाऊ नका, कुत्रा मागचापुढचा विचार न करता वळून चावतो. मध्ये उशी, पाट, खुर्ची सरकवा, अंगावर जाड चादर टाका, पाणी ओता.

@पारिजात, आता पुन्हा ओळख कशी करून द्यायची ते लिहितो. आधीचे चार दिवस झालेच नाहीत असं समजायचं.

पहिले तीन-चार दिवस भेटच नाही. फक्त वास. चिंगीची चादर खंड्याच्या खोलीत कोपऱ्यात ठेवा, त्याच्या गादीवर नव्हे. त्याची चादर तिच्याकडे. तो येऊन हुंगेल आणि निघून जाईल, तेवढंच हवं. कुत्र्याला समोरचा कोण, किती वयाचा, आजारी की धडधाकट, यातलं बरंच नाकाने कळतं. आपण डोळ्यांची भेट घडवायची घाई करतो आणि नाकाला वेळच देत नाही.

मग गेटच्या दोन बाजूंनी. गेट आणि खंड्या यांच्यात भरपूर अंतर. चिंगी दिसली की खंड्याला खाऊ, चिंगी दिसेनाशी झाली की खाऊ बंद. ही दिशा महत्त्वाची आहे. ती आली की चांगलं काही घडतं, हे त्याला समजलं पाहिजे. सध्या उलटं झालंय: ती आली की त्याची झोप जाते, जागा जाते आणि तुमचा ओरडा मिळतो.

मग बाहेर. त्याच्या घरात नको, ती जागा त्याची आहे. चिंगीच्या लसी पूर्ण नाहीत म्हणून इमारतीची गच्ची किंवा जिथे दुसरी कुत्री येत नाहीत असं बंद आवार शोधा. दोन माणसं, दोन लीश, दोन्ही ढिल्या. लीश ताणली की कुत्र्याचं अंग ताठ होतं आणि समोरच्याला ते धमकीसारखं दिसतं. समोरासमोर आणू नका. दोघांना एकाच दिशेने, सात-आठ हातांचं अंतर ठेवून चालवा, माणसं मध्ये, कुत्री बाहेरच्या बाजूंना. चालताना खंड्या जमीन हुंगायला लागला, अंग सैल झालं, की अंतर थोडं कमी. नाही झालं तर त्या दिवशी तेवढंच. जवळ आल्यावर तीन सेकंद हुंगू द्या, मनात मोजा, आणि हसऱ्या आवाजात बोलावून पुढे चालू लागा. तीन सेकंदांनंतरच ताठरपणा यायला सुरुवात होते, त्याच्या आधी आपण निघालेलो असलं पाहिजे.

घरात परतल्यावर चिंगीच्या हार्नेसला हलकी लीश जमिनीवर लोळती ठेवा, म्हणजे अंगावर झडप न घालता तिला थांबवता येईल. आणि तिला झोपवा. एवढं पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपायला हवं. जे पिल्लू सैरभैर होऊन चावत सुटतं ते बहुतेक वेळा दमलेलं असतं. तिच्या झोपेच्या वेळा खंड्याच्या सुट्टीच्या वेळा.

या सगळ्यात तुमचं काम एकच: खंड्याला 'नको' म्हणावं लागण्याच्या आधी तुम्ही चिंगीला उचललेलं असावं. त्याने मान फिरवली की तुम्ही उठायचं. तो पाहतोय, तुम्ही उठता की नाही.


ओंजळ | गुरुवार, सकाळी ११:२०

शेवटचा परिच्छेद मी उतरवून घेतला आहे.


निळीछत्री | गुरुवार, दुपारी १:१५

माझ्याकडे दोन वर्षांचा कुत्रा आणि तीन महिन्यांचं पिल्लू आहे. ते दिवसभर एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, दात दाखवतात, आवाज काढतात. हे खेळणं आहे की भांडण, कसं ओळखायचं?


रानवाट | गुरुवार, दुपारी १:५०

खेळात अंग वळवळतं, तोंड उघडं आणि सैल असतं, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करून बोलावणं असतं. पाळी बदलते: आत्ता हा वर, मग तो वर. मध्येच दोघं थांबतात, अंग झटकतात, पुन्हा सुरू. एकच जण सतत खाली असेल, शेपूट पायात घालून पळत असेल, तर तो त्याचा खेळ नाही. शंका आली तर मोठ्याला धरून ठेवा आणि पिल्लाला मोकळं सोडा. पिल्लू परत मोठ्याकडे गेलं तर खेळ चालू राहू दे. तुमच्या पायामागे लपलं तर उत्तर मिळालं.

नुसत्या हलणाऱ्या शेपटीवर जाऊ नका. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांना दिसलं होतं की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपूट उजवीकडे जास्त झुकून हलते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. उजवं-डावं घरात टिपणं कठीण आहे, पण हलणारी शेपूट म्हणजे आनंदच असं नाही, हे लक्षात ठेवायला पुरेसं आहे.


पारिजात | शुक्रवार, रात्री १०:३०

एक्स-रे झाला. दोन्ही खुब्यांत सांधेदुखी, डावीकडे जास्त. डॉक्टरांनी डाव्या खुब्यावर हलकेच हात ठेवला तेव्हा खंड्याने ओठावरून जीभ फिरवली. मी पहिल्यांदा ते पाहिलं आणि त्याच क्षणी म्हणाले, 'डॉक्टर, तिथे दुखतंय.' त्यांनी हात काढला. खंड्याने माझ्याकडे बघितलं.

औषध सुरू झालं. रक्त तपासलं, यकृत-मूत्रपिंड ठीक आहे. हॉलमध्ये जाजम घातलं, त्याची गादी जाड केली, ताटली थोडी उंचावर ठेवली. बेडरूमच्या दाराला गेट लागलं. बेडरूम खंड्याची, हॉल चिंगीचा. तो अजून रॅकपाशीच झोपतो.


मुकेजीव | शनिवार, सकाळी ९:००

छान. दर काही महिन्यांनी रक्ततपासणी करत राहा, हे औषध बराच काळ चालेल. आणि आठवडाभर तरी दोघांना जवळ आणू नका. दुखणं कमी होऊ द्या, मग ओळख.


पारिजात | दोन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:१५

आजचं लिहिते.

रोज संध्याकाळी गच्चीवर चालतो आहोत. पहिले चार दिवस खंड्या चिंगीच्या दिशेला बघतही नव्हता, मान मुद्दाम पलीकडे. मी अंतर कमी केलं नाही. आज चालता चालता तो पाण्याच्या टाकीच्या पायाशी थांबला आणि खूप वेळ हुंगत राहिला. चिंगी तिथेच आधी बसली होती. मग त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि दोन पावलं आला. माझ्या हाताला घाम आला होता, लीश ढिली ठेवायची हेच मनात घोकत होते. एक, दोन, तीन. मी 'चल खंड्या' म्हणाले आणि तो माझ्यामागे आला. चिंगी आपल्या बापाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पायात लोळत होती.

घरी आल्यावर चिंगीला झोपवलं. खंड्याने ताटली चाटून पुसून संपवली.


भिंगरी | रविवार, रात्री ९:४०

अगं किती छान! वाट बघत होते.


कातरवेळ | रविवार, रात्री १०:०५

ताटल्या वेगळ्या आहेत ना? चघळायच्या वस्तू, आवडती खेळणी पण? विसरू नका, एवढंच सांगायला आले. खूप आनंद झाला.


पारिजात | रविवार, रात्री १०:१२

ताई, ताटल्या वेगळ्या खोल्यांत, दार बंद करून. संपलं की लगेच उचलते. चघळायचं गेटच्या आत-बाहेर, कधीच एकत्र नाही. तुमची गोष्ट रोज आठवते.


पारिजात | सात आठवड्यांनंतर, मंगळवार, रात्री ११:००

शेवटचं लिहायचं राहिलं होतं. चिंगी आता सोळा आठवड्यांची झाली, परवा तिचा लसीचा शेवटचा डोस आहे. पुढचे दुधाचे दात पडायला लागलेत, काल एक जाजमावर सापडला, तांदळाएवढा.

ते दोघं मित्र झालेत असं म्हणणार नाही. खंड्या तिच्याशी खेळत नाही. एकदाच पुढचे पाय टेकून खाली झाला होता, दोन सेकंद, मग स्वतःच उठून निघून गेला. पण चिंगी बदलली आहे. ती त्याच्या गादीच्या काठाशी येऊन थांबते आणि बसते. आम्ही हे रोज शिकवलं, काठाशी थांबली की तिथेच खाऊ. आज दुपारी ती अशीच बसली. खंड्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मी खुर्चीतून उठले. मी पोचण्याच्या आधी चिंगी आपणहून वळली आणि तिच्या चादरीवर जाऊन पडली. खंड्याने माझ्याकडे बघितलं, एक लांब श्वास सोडला आणि पुन्हा डोकं टेकलं.

परवा रात्री पाणी प्यायला उठले तर पाय कशाला तरी लागला. पलंगाशेजारी खंड्या होता. कधी आला कळलं नाही. मी तशीच परत झोपले, पाणी न पिता.

गेट अजून आहे आणि राहणार आहे.


मुकेजीव | बुधवार, सकाळी ८:३०

वाचून बरं वाटलं. पुढचं एक ध्यानात असू द्या. मोठी कुत्री लहान पिल्लाला जी सूट देतात ती साधारण चार-पाच महिन्यांनंतर कमी होते. चिंगी वयात येताना पुन्हा आगाऊपणा करेल, तेव्हा खंड्या दोन शब्द जास्त बोलेल. घाबरू नका, आत्ता करताय तेच करा. पहिला माज सहा महिन्यांनंतर कधीही येऊ शकतो, म्हणून तिच्या नसबंदीच्या शस्त्रक्रियेबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.


पारिजात | बुधवार, सकाळी १०:००

नक्की. एक शेवटचं विचारते. डोस झाला की काही दिवसांनी तिला रस्त्यावर नेता येईल. दोघांना एकत्र फिरायला नेऊ का?


रानवाट | बुधवार, सकाळी १०:४०

एकत्र नेताना दोन माणसं न्या आणि फेरी लहान ठेवा, त्याचे खुबे दमण्याच्या आत परत. पण दिवसातली एक फेरी त्याची एकट्याची राहू द्या. पूर्वी जशी होती तशीच, त्याच वेळी, त्याच रस्त्याने, फक्त तुम्ही आणि तो.